उपासाचं ताट

साहेबांच्या धंद्यावर मध्यंतरी पेपरात पानभर मजकूर आला होता. शून्यातून कसं सगळं उभं केलं, वगैरे. दुधाची डेअरी, कॉलेज, पेट्रोलपंप, खडीचं क्रशर, रस्त्यांची कामं. सोबत फोटो, हाताची घडी घालून, हसरा. माझ्या मुलाने ते पान जपून ठेवलं, कारण त्याची नोकरी साहेबांच्याच कॉलेजात. मी चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. त्यात माझ्या स्वयंपाकघराचा कुठे उल्लेख नव्हता. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? म्हातारपणी माणसाला असल्या मानाची हाव सुटते.

आणि मान माझा होताच. साहेबांच्या धंद्याचं भांडवल कुठून आलं ते मी रोज बघत होते. ते सकाळी आठच्या सुमाराला बंगल्याच्या ओट्यावर येऊन बसायचं, चपला खाली काढून, टोपी मांडीवर ठेवून. कुणी भिंत बांधलेली, कुणी मुरूम टाकलेला, कुणी सभेचा मांडव घातलेला, कुणी उन्हाळाभर टँकर फिरवलेले. सगळ्यांची बिलं थकलेली. त्या भांडवलाने आवाज करू नये, हे बघायचं काम माझ्याकडे होतं. मला ते ठाऊक नव्हतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले.

साहेब म्हणजे माझ्या मालकांचे चुलतभाऊ. मी त्यांना भाऊजी म्हणायची, ते मला वैनी. मालक अचानक गेले तेव्हा भाऊजी स्वतः गाडी घेऊन आले, माझं सामान डिकीत टाकलं आणि बीडला बंगल्यावर घेऊन गेले. मुलाला कॉलेजच्या ऑफिसात लावलं, पण तात्पुरता. मला स्वयंपाकघर दिलं, हाताखाली दोन बायका दिल्या. तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते. आज त्या बाईकडे बघते तर हसू येतं. इरकल नेसून, कमरेला किल्ल्यांचा जुडगा खोचून अशी चालायची, की जिल्ह्याचा कारभार हिच्याच परातीत मळला जातो. गोडाचा डबा उघडताना सुद्धा आधी इकडेतिकडे बघायची, कुणी बघतंय ना म्हणून.

भाऊजींनी कुणाला 'पैसे देत नाही' असं कधी म्हटलं नाही. आवाज चढवल्याचं मला आठवत नाही. ते फक्त म्हणायचे, "आदी जेवून घ्या." आपल्याकडे ज्याच्या घरचं खाल्लं, ज्याच्या तांब्याने हात धुतला, त्याच्याच ओट्यावर उभं राहून लगेच पैशाचा विषय काढता येत नाही. जीभ रेटत नाही. भाऊजी आतून तयार होऊन यायचे, प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून विचारायचे, "जेवलास का? पोटभर?" समोरचा 'हो साहेब' म्हणाला की काम संपलं. पुढच्या आठवड्यात ये, अधिवेशन होऊ दे, मार्च होऊ दे. माणूस ढेकर देत फाटकाबाहेर जायचा.

आणि जेवण असं, की नाही म्हणवत नसे. बाजरीची गरम भाकरी, तव्यावरचा ठेचा, आणि माझी येसर आमटी. येसराचा मसाला मी स्वतः भाजायची, कुणाला हात लावू द्यायची नाही. ओट्यावरचं बोलणं खिडकीतून ऐकू यायचं.

"आज काय हाय बे?" मांडववाला विचारायचा.

"येसर हाय म्हणत्यात."

"म्हंजी आज बी बिल न्हाई."

"ज्या दिवशी निसता च्या येईल ना लेका, त्या दिवशी समजायचं पैसे हायेत."

जेसीबीवाला म्हणायचा, "माझं बिल चार वर्साचं झालं. औंदा अंगणवाडीत घालतो."

सगळे हसायचे. आत मीही हसायची आणि आमटीत अजून एक पळी तेल सोडायची. माझ्या आमटीचं नाव निघालं, एवढंच त्या शहाणीला ऐकू येत होतं.

एका वर्षी कॉलेजच्या मुलींचं वसतिगृह बांधायला घेतलं होतं. त्याचं सेंट्रिंगचं आणि स्लॅबचं काम एका तरुण ठेकेदाराकडे होतं. कडा गावाच्या अलीकडच्या एका वस्तीवरचा. आईबापाबरोबर ऊस तोडत लहानाचा मोठा झालेला, मग गवंड्याच्या हाताखाली शिकला, मिक्सर मशीन घेतलं, सेंट्रिंगच्या प्लेटा घेतल्या आणि स्वतः ठेके घ्यायला लागला. अंगाने काटकुळा, शर्ट मात्र इस्त्रीचा. पहाटेची एसटी धरून यायचा आणि ओट्याच्या टोकाला बसायचा.

पहिल्यांदा आला, मी ताट पाठवलं. म्हणाला, उपास आहे. सोमवार होता, महादेवाचा असेल. पुढच्या वेळी मंगळवारी आला, उपास. मग गुरुवारी आला, उपास. मी हाताखालच्या बायकांना म्हटलं, "ह्याच्या घरी देव्हारा हाय का बाजार?" त्यातली एक हसून म्हणाली, "काकू, परवा तर फाटकाबाहेरच्या गाड्यावर भजे खात हुता."

माझा पारा चढला. माझी येसर चुकवून गाड्यावरची भजी खातो?

तो का चुकवत होता, ते भाऊजींच्या माझ्याआधी लक्षात आलं होतं. उपाशी असल्यामुळे ओट्यावरच्या त्या सगळ्या माणसांत तो एकटाच उभा राहून बोलू शकायचा. "साहेब, दुसऱ्या स्लॅबचं तेवढं बघा की." एकदा असाच सगळ्यांसमोर बोलला, आणि पाहुणे बसलेले असल्यामुळे भाऊजींना मुनीमाला हाक मारून काहीतरी द्यावं लागलं. त्या दिवशी जेवताना ते मला म्हणाले, "वैनी, सगळे तुमच्या हातात हायेत. तेवढा एक सुटतोय बघा."

हसत म्हणाले. मी ते शाबासकीसारखं घेतलं, आणि पैजेसारखंही.

पुढच्या खेपेला तो आला, तो सोमवारच होता. मी भगर केली. शेंगदाण्याची आमटी केली, जिरं आणि हिरवी मिरची वाटून, वर तुपाची धार. उपासाची बटाट्याची भाजी, राजगिऱ्याचा लाडू, दही. ताट कुणाच्या हाती दिलं नाही, स्वतः घेऊन गेले.

"उपासाचंच हाय सगळं," मी म्हटलं. "आता काय सांगशील?"

तो ताटाकडे बघत राहिला. "काकू, कशाला तरास घेतला."

"तरास कसला. देवाच्या नावाचं हाय, न्हाई म्हणू नगंस."

पहाटेपासून पोटात काही नसणार. त्याने आधी दोन घास संकोचाने घेतले, मग भगर मागून घेतली. मांडववाला शेजाऱ्याला कोपराने ढोसून म्हणाला, "गेला बघ ह्यो बी." मला त्याचा अर्थ कळला होता. कळला होता म्हणूनच मी पदर सावरत अशी आत गेले, जशी काही कुस्ती मारून आले. भाऊजी बाहेर आले, "जेवलास का?" झालं, तो "हो साहेब" म्हणाला आणि चपला घालून निघाला. त्या दिवशी भाऊजी मला म्हणाले, "तुमी हायेत म्हणून ह्यो बंगला चालतोय." रात्रीपर्यंत मी ते वाक्य मनात घोळवत होते.

पुढे काही दिवसांनी तो आला तो ओट्यावर नाही, मागच्या दाराला. मी भाजी निवडत होते. तो उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला.

"काकू, एक मागायचं हाय तुमाला."

"माग की."

"येत्या सोमवारी मला जेवू घालू नका."

माझा हात थांबला. "कावून रे? आळणी हुतं का?"

"लई चांगलं हुतं. तेच सांगतोय. जेवल्यावर त्वांड उघडत न्हाई माझं."

मग त्याने सांगितलं. वस्तीवरचे लोक दरवर्षी दसऱ्यानंतर उसाला जातात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम आधी उचल देतो, ती घेतली की जोडी त्याच्या टोळीत बांधली गेली. ह्या वर्षी त्याने आपल्या वस्तीवरच्या जोड्यांना सांगितलं होतं, उचल घेऊ नका, पोरांच्या शाळा मोडू नका, मी इथंच काम देतो, साहेबांच्या कॉलेजचं मोठं काम आहे. त्यांनी ऐकलं. भरउन्हात त्यांनीच ते स्लॅब टाकले. आता दसरा तोंडावर आला होता, मुकादमांचे ट्रॅक्टर भरत होते आणि हाताला मजुरी नव्हती.

"सोमवारी पैसे न्हाई झाले, तर त्यांची मजुरी बी गेली आन उचल बी गेली," तो म्हणाला. "माझ्या शब्दावर थांबलेत ते, काकू."

खरं सांगते, त्याचं पहिलं वाक्य ऐकून मला त्याच्या मजुरांचं काही वाटलं नाही. माझ्या हातचं नको म्हणतो, याचाच राग आला. पण तो शेवटी खाली मान घालून बसला तेव्हा माझ्यातली नाटकी बाई जागी झाली. मी मेथीची जुडी बाजूला ठेवली, पदर डोक्यावरून घेतला आणि म्हटलं, "ऐक. भाऊजी पैसे देतो म्हणलेले माझ्या कानानं ऐकल्याशिवाय मी ताट घेऊन उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार न्हाई. मग तर झालं?"

असं बोलले जसं काही दूरदर्शनवर मालिकेत काम करते. हाताखालच्या बायका तोंडाकडे बघायला लागल्या. त्याने उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला.

सोमवारी तो सगळ्यांत आधी येऊन बसला होता. टोकाला नाही, मधोमध, दारासमोर. मी बाकीच्यांची ताटं बायकांच्या हातून पाठवली. त्याच्यासमोर काही ठेवलं नाही. तो ताठ बसून होता. खिडकीतून मला त्याचा कान तेवढा दिसत होता.

तेवढ्यात भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात आले. धोतराचा सोगा हातात, घाईत. म्हणाले, "वैनी, मुलाच्या पर्मनंट ऑर्डरीवर आज सही करून टाकतो, आन त्या उपासवाल्याला आदी जेवू घाला, मला मुंबईला निगायचंय."

एका दमात म्हणाले. दोन्ही गोष्टी त्यांनी जोडून सांगितल्या, का घाईत एकामागून एक तोंडातून निघाल्या, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यांना तसं म्हणायचं नसेलही. मी मात्र जोडल्या. मुलगा किती वर्षं तात्पुरता होता, त्याचं लग्न त्याच एका कागदावर अडलं होतं. पण हे मी आता लिहिताना शोधून काढलेलं कारण आहे. तेव्हा मी काही विचार केला नाही. कढईत भगर तयार होती. ती मी सकाळीच करून ठेवली होती. का केली होती, हे मला कुणी विचारू नये.

मी ताट वाढलं आणि उंबरा ओलांडून त्याच्यासमोर ठेवलं.

त्याने ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याचा चेहरा एकदम सैल झाला. मला वाटलं, भूक. तो जेवायला बसला तो अगदी मोकळेपणाने, शेजारच्या टँकरवाल्याशी बोलत, हसत. आमटी दुसऱ्यांदा मागून घेतली. लाडू रुमालात बांधला, घरी लेकीला म्हणून. मला हायसं वाटलं. म्हटलं, ह्याला काही फारसं लागलेलं दिसत नाही.

भाऊजी बाहेर आले. "जेवलास? बरं झालं. आता दिवाळी झाल्यावर ये."

तो उभा राहिला. दाराकडे बघत राहिला. मी दाराच्या आत होते, कवाडाच्या मागे. गाडी निघून गेली, ओटा रिकामा झाला, बाई भांडी उचलायला गेली, तेव्हा तो गेलेला होता.

मुलाची ऑर्डर त्याच आठवड्यात हातात पडली. मी ओट्यावर पेढे वाटले. बिलं थकलेल्या त्या सगळ्यांना माझ्या हाताने एकेक पेढा दिला, आणि त्यांनी तो घेतला. "काकू, लेकराचं चांगलं झालं," टँकरवाला म्हणाला.

त्या उपासवाल्याचं पुढे काय झालं ते मला जेसीबीवाल्याच्या तोंडून कळलं. दिवाळीनंतर कशाला, तो ओट्यावर परत दिसलाच नाही. मिक्सर मशीन विकलं, प्लेटा विकल्या, जमली तेवढी मजुरी वाटली. टोळ्या तर निघून गेल्या होत्या. वस्तीवरच्या जोड्यांना उशिरा एक मुकादम मिळाला, तोकड्या उचलीवर, कर्नाटकात लांबच्या कारखान्याला. आणि हा स्वतः बायकोला घेऊन त्यांच्याच टोळीत गेला. "ठेकेदार गेला कोयता घेऊन," जेसीबीवाला म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही. मी येसर ढवळत होते. ती तळाला लागली, आणि बंगल्यावर पहिल्यांदाच माझ्या आमटीला नाव ठेवलं गेलं.

मुलाचं लग्न झालं, त्याने घर घेतलं, मी बंगला सोडला. वसतिगृह झालं. त्याच्यावर भाऊजींच्या आईचं नाव आहे.

हे सगळं मी मनाच्या कोपऱ्यात टाकून दिलं होतं, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. नातवंडांना मी त्या बंगल्यातल्या बाईच्या नकला करून दाखवते. किल्ल्यांचा जुडगा, ती चाल, ते डोक्यावरून पदर घेणं. ती पोटं धरून हसतात. मेथी निवडतानाची ती शपथ मात्र मी नकलेत कधी घेतली नाही.

परवा कड्याला भाच्याच्या घरी गेले होते. त्याचं नवीन घर बांधकामात आहे, ते बघायला म्हणून गेले, तर आतल्या खोलीत फळीवर उभा राहून एक गवंडी गिलावा करत होता. कानाजवळचे केस पांढरे झालेले. त्याने वळून पाहिलं आणि थापी खाली ठेवली.

"काकू, वळखलं का?"

ओळखलं होतं, फळीवरच्या पायांवरूनच. मी म्हटलं, "न्हाई रे बाबा, डोळे गेले आता."

त्याने ओळख सांगितली. खाली उतरला, सिमेंटच्या पोत्यावर आपला धुतलेला टॉवेल अंथरला, मला बसवलं. दोन हंगाम ऊस तोडला, म्हणाला. मग परत थापी धरली. "आता ठेका न्हाई घेत. हजेरीवर जातो. सांच्याला पैसे हातात, मग घरी."

"आन ते?" मी विचारलं. "कॉलेजचं राहिलेलं?"

"ते राहिलं तिकडंच. दोन येळेस गेलतो, फाटकाच्या आत सोडलं न्हाई." मग म्हणाला, "लेकीला त्याच वसतिगृहात नंबर लागला औंदा. तिला सांगितलं न्हाई मी. म्हणलं निवांत राहू दे."

मला वाटलं आता बोलावं. मी म्हटलं, "त्या सोमवारचं ताट..."

"त्याचंच सांगतो ना," तो म्हणाला, आणि समोर उकिडवा बसला, मागच्या दाराला बसला होता तसाच. "तुमी ताट घिऊन आल्या तवा मी जाणलं, आत पैशाचं झालं म्हणून. तुमी बोललाच हुता, ऐकल्याबिगर ताट आणणार न्हाई. जीव असा हलका झाला काकू, दोनदा आमटी घेतली मी. न्हाईतर खाल्लंच नसतं. मग साहेब म्हणले, दिवाळीनंतर ये. मी दाराकडं बघाय लागलो, म्हणलं काकू येतेत आता भाईर, म्हणतेत, भाऊजी आसं कसं, आत्ता तर कबूल केलतं. तवा ध्येनात आलं माझ्या."

मी त्याच्याकडे बघत होते.

"तुमाला बी फसवलं त्यायनी," तो म्हणाला. "घरी गेल्यावर बायकूला पैलं तेच सांगितलं. म्हणलं, आपलं तर गेलं, पर त्या माऊलीला किती वाईट वाटलं आसंल."

मला बोलता येतं. सत्तरीला आले तरी तोंड चालतं म्हणून सगळे मला हसतात. त्या क्षणी मी म्हणाले, "हो रे. लई वाईट वाटलं."

त्याने मान डोलावली आणि पुन्हा फळीवर चढला.

दुपारभर मी त्या घरात होते. भाचा टाइल्स दाखवत होता, मी छान म्हणत होते, आणि आतून थापीचा आवाज येत होता. संध्याकाळी त्याने हातपाय धुतले, भाच्याकडून हजेरी घेऊन खिशात ठेवली, माझ्या पाया पडला. "येतो काकू. बीडला आलो की लेकीला तुमच्या घरी धाडीन. तिला तुमच्यासारखं कुणीतरी पायजे तिथं."

"धाड," मी म्हटलं.

त्याची मोटारसायकल जुनी होती, लवकर चालू होईना. त्याने चार-पाचदा किक मारली, खाली वाकून काहीतरी पाहिलं, पुन्हा मारली. मी दारातच उभी होते. तेवढ्या वेळात सांगता आलं असतं.